बसून बघा की

मी ट्रायल रूममध्ये उकिडवी बसलेय. रूम कसली, दोन बाजूंना प्लायवूड, मागे आरसा आणि पुढे कडी नसलेलं दार. ते एका हातानं लावून धरायचं. सोलापूर, एप्रिलची दुपार. पंखा आहे, पण त्याचं वारं पार्टिशनच्या पलीकडच्या पोरीला लागतंय. अंगात तिसरी पॅन्ट. उभी होते तेव्हा छान दिसत होती, आरशातल्या बाईला मी मनातल्या मनात होकारही देऊन टाकला होता. आता बसल्यावर मागचा पट्टा कमरेपासून सुटून खाली गेलाय, पुढचं बटण पोटात रुततंय आणि मांडीवर तीन आडव्या चुण्या ताणून उभ्या आहेत. मागे हात घालून बघते. अख्खा तळहात आत जातो.

“झालं का मॅडम? बसतीय का?” बाहेरून आवाज.

“उभं राहिलं की बसतेय. बसलं की बसत नाही.”

पलीकडची पोरगी फिस्सकन हसते. काउंटरवरची मात्र गंभीर. “लायक्रा आहे मॅडम. दोन धुण्यात सैल पडतंय.”

म्हणजे सातशे नव्याण्णव रुपये देऊन पॅन्ट घ्यायची आणि ती बिघडण्याची वाट बघायची.

माझं काम फिजिओथेरपीचं, तेही घरोघर जाऊन. सकाळी आठपासून पाच घरं. स्कूटरवर टांग टाकायची, उतरायचं, जिना चढायचा, कुणाच्या गादीशेजारी फरशीवर बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची, उठायचं. दिवसातून तीसेक वेळा तरी उठबस होते. उभं राहून आरशात बघण्याचा प्रसंग त्यात एकदाच येतो, सकाळी निघताना. आणि पॅन्ट शिवणारा नेमका त्या एका क्षणासाठी शिवतो.

पर्समध्ये टेप असतेच. सुजलेल्या पायांचा घेर मोजायला लागते. दाराला पाठ लावून मी पॅन्टीच मोजायला घेते. लेबलवर 34. पट्ट्याची आतली बाजू भरते साडेछत्तीस. मघाशी काढून ठेवलेली दुसरी, तीही 34. ती जेमतेम पस्तीस. गिऱ्हाइकाला आपण बारीक झालो असं वाटावं म्हणून आकडा मागे ठेवायची ही युक्ती जुनीच, त्याचं मला नवल नाही. पण लबाडीसुद्धा एकसारखी नसावी? शिवाय हा आकडा बोलतो फक्त कमरेबद्दल. कारखाना एक नमुना पक्का करतो आणि पुढचे साइज ठरलेल्या हिशेबानं वाढवत नेतो: कंबर इतकी तर सीट इतकी, मांडी इतकी, आसन इतकं. माझी कंबर 34 आणि सीट 41. हे सात इंचांचं अंतर त्यांच्या कोष्टकात नसावं. सीटला बसणारी घेतली की कमरेला तळहात जातो, कमरेला बसणारी घेतली की मांडीवरून वर येत नाही.

ही कोष्टकं मुळात बाहेरच्या देशांची, आपल्याकडे थोडी ठाकठीक करून वापरलेली. आपल्या अंगांची मापं घ्यावीत म्हणून ‘निफ्ट’ या फॅशन संस्थेनं ‘इंडियासाइझ’ नावाचं काम हाती घेतलं. 15 ते 65 वयाची पंचवीस हजारांहून जास्त माणसं थ्री-डी स्कॅनरपुढे उभी करायची, अशी त्याची आखणी. उभी करायची. इथेही कुणी त्यांना बसवून बघितलं का, हा माझा धंदेवाईक प्रश्न.

खिशात हात घालायला जाते. खिशाला तोंड आहे, कडेनं दुहेरी टीपही आहे, पण बोट आत शिरत नाही.

“शोचा आहे मॅडम तो.”

तिन्ही पॅन्टी मी घडी करून तिच्या हातात देते.

नवी पेठेतून बाहेर पडून चाटी गल्लीकडे वळते. पॅन्ट पीस मागितल्यावर दुकानदार माझ्या मागे कुणी पुरुष आहे का ते बघतो. “साहेबांची उंची किती?” मला हवी आहे म्हटल्यावर एक मीटर वीसचं माप एक चाळीसवर नेतो. पन्ना 58 इंची, कॉटन, तिरप्या विणीचं, रंग ओल्या मातीचा. कापड चिमटीत धरून मी उन्हात नेऊन बघते. पलीकडचं दिसत नाही. घरी रात्रभर बादलीत भिजवते, सकाळी गच्चीवर टाकते. सोलापूरच्या उन्हाला अर्धा तास पुरतो. मोजते: एक छत्तीस. पॅन्ट शिवून झाल्यावर कापड असं आटलं असतं तर घोट्यावरून गेलं असतं.

कापड घेऊन शिंप्याकडे जाते. मास्तरांचं दुकान आठ बाय दहाचं. अर्ध्यात कटिंगचं टेबल, उरलेल्यात मशीन, इंटरलॉक, आणि शाळेच्या निळ्या हाफपॅन्टींचा ढीग. युनिफॉर्मसाठी आता सोलापूरचं नाव लांबवर गेलंय, त्याचे मोठे कारखाने आहेत. मास्तरांकडे येतात त्या कारखान्याच्या मापात न मावणाऱ्या पोरांच्या पॅन्टी: फार जाड, फार लुकडी, एकाच्या पायाला कॅलिपर.

“लेडीज शिवत नाही ओ आपण,” मास्तर मान वर न करता सांगतात.

“पॅन्ट शिवता ना?”

“जेन्ट्स.”

“मग जेन्ट्सच शिवा. घालीन मी.”

आता मान वर होते. ते तेलुगूत आतल्या दाराकडे काहीतरी म्हणतात आणि काकू हात पुसत बाहेर येतात. टेप काकूंच्या हातात जाते. मास्तर वही घेऊन आमच्याकडे पाठ करून बसतात आणि भिंतीकडे बघत एकेक विचारतात.

“कंबर?”

“चौतीस.”

“सीट?”

“एक्केचाळीस.”

“मांडी? गुडघा?”

काकू टेपमध्ये दोन बोटं ठेवतात, ओढत नाहीत. लांबी घेतल्यावर मला वाटतं संपलं. तर मास्तर भिंतीला सांगतात, “आता बसवा त्यांना.”

टेबलाखालून लाकडी स्टूल निघतं. कमरेला एक सुतळी बांधली जाते. मी ताठ बसते आणि काकू कुशीवर, सुतळीपासून स्टुलाच्या फळीपर्यंत टेप सोडतात. “साडेदहा.” हे आसन. कमरेपासून बुडाखालच्या फळीपर्यंतची खोली. हा आकडा रेडीमेडच्या लेबलवर मी कधी पाहिलेला नाही, आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सुखदुःख याच आकड्यात आहे. तो कमी पडला की पॅन्ट मागून खाली उतरते, जास्त झाला की पुढे पिशवी लोंबते.

“बसल्यावर सीट किती होतीय बघ.”

“त्रेचाळीस. वर थोडं.”

दोन इंच! माणूस बसला की खुब्याचा सांधा दुमडतो, मागची कातडी ताणते, मांस पसरतं, हे मी पेशंटना रोज समजावते. आकड्यात आज ऐकतेय.

काकूंच्या कमरेला साडीत खोचलेला बटवा आहे, त्यातून त्या चष्मा काढतात. माझी आजी नऊवारीत रानात खुरपायची, दिवसभर उकिडवी. काष्टा मारलेला, कमरेला चंची. तिच्या लुगड्याला साइज नव्हता. सलवार आली तिला निदान नाडी होती. जेवण झाल्यावर एक बोट सैल करायची सोय असलेलं ते शेवटचं शिवलेलं वस्त्र.

पिशवीतून मी माझी जुनी पॅन्ट काढते. सहा वर्षं वापरलेली. पुन्हा घ्यायला गेले तेव्हा तो कट बंद झाला होता. मास्तर ती टेबलावर उलटी पसरतात आणि बराच वेळ नुसते हात फिरवत राहतात. मी पेशंटच्या चपलेचा तळ बघते तसं. टाच कुठे झिजलीय त्यावरून माणूस कसा चालतो ते कळतं.

“मांडीत आतून विरलीय. हितं डबल कापड लावू. उजवा गुडघा फुगलाय, डावा न्हाई. तुम्ही उजवा टेकवून बसता.”

बरोबर. गादीशेजारी मी उजवा गुडघाच टेकते.

मग ते मागची मधली शिवण बोटानं उघडून दाखवतात. आत कापड पाव इंच, तेही इंटरलॉकनं कापलेलं, आणि वरचा पट्टा सलग. “रेडीमेडला लेडीजमध्ये असंच असतंय. वाढवायचं म्हटलं तर वाढवणार कुठनं?” ढिगातली एक निळी हाफपॅन्ट ओढून ते तिचा पट्टा उलटा करतात. मागे मधोमध पट्टा दोन तुकड्यांत, शिवणीत दीड इंचाची दाबपट्टी, खाली दुमडही दुप्पट. “पोराची आई सांगती, वाढत्या अंगाचं शिवा. मोठ्या माणसाचं अंग काय थांबून ऱ्हातंय? तुमालाबी सोडतो दीड इंच.”

शेचाळिसाव्या वर्षी माझं अंग वाढतं ठरतं. मी मुकाट्यानं मान हलवते.

“खिसा?”

मी फोन टेबलावर ठेवते. मास्तर त्यावर टेप धरतात, साडेसहा इंच. वहीत आठ लिहितात. “तोंड जरा कुशीकडं घेतो. सरळ पुढं ठेवला तर गाडीवर बसल्यावर फोन जांघेत टोचतो.” काकू मधेच तेलुगूत काही विचारतात, मास्तर हसतात. मला कळतं ते एवढंच की बोलणं खिशाबद्दल आहे, कारण काकू बटव्यावर हात ठेवून बोलतायत.

शिलाई साडेचारशे. बुधवारी ट्रायल. बुधवारी जाते तेव्हा कापड तसंच घडीत. शाळांचं काम आलंय. शनिवारी पॅन्ट कच्च्या टिपेवर तयार असते.

आत काकूंच्या खोलीत घालून बाहेर येते. आरसा नाहीच. मास्तर स्टूल पुढे सरकवतात. बसते. मागे हात घालते. पट्टा कमरेला धरून आहे, एक बोट जातं, दुसरं नाही. उकिडवी बसते, उजवा गुडघा टेकते, उठते. मांडीवर चुणी नाही. फोन खिशात सोडते, तो पार आत जाऊन गप्प बसतो. हे सगळं मी इतक्या गंभीरपणे करतेय की हाफपॅन्ट न्यायला आलेला एक मुलगा आईचा पदर धरून बघत उभा राहतो.

मास्तर मात्र समाधानी नाहीत. ते जमिनीवर बसून दोन्ही पायांचे बॉटम बघतायत. डावा फरशीला टेकतोय, उजवा वर.

“कापताना चुकलं का?” मी विचारते.

“दोन्ही एकावर एक ठेवून कापलेत ओ.” ते टेप घेऊन पुन्हा बघतात, मग जरा संकोचानं, “मॅडम, पाय लहानमोठा हाय का तुमचा?”

वीस वर्षं मी लोकांना आडवं झोपवून खुब्याच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावतेय. स्वतःला कधी लावली नाही. पर्स नेहमी उजव्या खांद्यावर, ती सावरायला उजवा खुबा उचललेला. की खरंच पायच लांब? घरी गेल्यावर बघायला हवं. नवऱ्याला टेप धरायला लावून.

“अर्धा इंच हाय,” मास्तर सांगतात. “डावा तेवढा वर दुमडतो, उजवा सोडतो. लोकाला कळणार न्हाई.”

ते खडू कानावर ठेवतात, दोन टाचण्या ओठांत धरतात आणि दुकानाची पायरी उतरतात. “बाहेर या. गाडी कुठली तुमची?”

“ती पांढरी.”

“बसा तिच्यावर.”

उन्हात सीट तापलीय. मी बसते, स्टँड काढते. मागून रिक्षा हॉर्न देते, मास्तर तिला हातानंच वळसा घालायला सांगतात आणि डांबरावर एक गुडघा टेकून माझ्या घोट्याशी वाकतात.

“सिग्नलला कुठला पाय खाली ठेवता?”

“डावा.”

“ठेवा. आता चपलेचा पट्टा झाकतोय का बगा वरनं. न्हाई, वाकू नका, बसलाय तशाच बसा.”

टाचणी एक इकडे, एक तिकडे. कानावरचा खडू निघतो आणि ओल्या मातीच्या रंगावर पांढरी रेघ उमटायला लागते.

“हलू नका,” ते टाचणी धरलेल्या ओठांतून म्हणतात. “आता उजवा.”