वॉल्ट्झ : तीन मात्रांचा ताल आणि त्यामागील समाज

मात्रावृत्तांचा विचार करताना सहा मात्रांचे भृंगावर्तन आपण पाहिले आहे. त्याच संदर्भात एका युरोपीय नृत्याचा येथे परिचय करून घ्यावयाचा आहे. ताल ही केवळ गणिताची बाब नसून तिच्यात समाजही बोलत असतो, हे वॉल्ट्झच्या उदाहरणातून चांगले स्पष्ट होते.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'वाल्त्सेन' या जर्मन क्रियापदाचा अर्थ गरगर फिरणे, लोळत जाणे असा आहे. भारोपीय कुळातील ज्या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो, त्याच्याशीच संस्कृत 'वल्' आणि पर्यायाने आपल्या 'वलय' या शब्दाचेही नाते सांगितले जाते. नृत्याचे नाव तालावरून न पडता फिरण्यावरून पडले, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वॉल्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात तीन मात्रा असतात. पहिलीवर आघात असतो. ती खर्जातील वाद्ये देतात. उरलेल्या दोन हलक्या मात्रा व्हायोलासारखी मधली वाद्ये भरतात. आता टेबलावर बोटांनी 'एक-दोन-तीन' असा ठेका धरून त्याबरोबर जागच्या जागी पावले टाकून पाहा. पहिल्या आवर्तनाचा आघात उजव्या पायावर आला, तर दुसऱ्याचा डाव्यावर येतो. मात्रा तीन आणि पाय दोन, म्हणून पावलांचे चक्र सहा मात्रांनी पूर्ण होते. व्हिएन्ना शैलीत जोडप्याची एक गिरकीही साधारणपणे एवढ्याच अवधीत पुरी होते. आपल्या दादऱ्याच्याही मात्रा सहाच. परंतु तेथे दोन अर्धांतील भेद सम आणि काल यांनी दाखविला जातो, येथे तो पायांच्या अदलाबदलीतून येतो. या साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

या नृत्याची मुळे ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनीच्या ग्रामीण भागात आहेत. तेथील लेंडलर हे नृत्यही तीन मात्रांचेच होते. जाड बुटांनी पाय आपटत, उड्या घेत ते नाचले जाई. ते शहरात आले आणि गुळगुळीत लाकडी जमिनीवर उड्यांची जागा घसरत्या पावलांनी घेतली. 1808 मध्ये व्हिएन्नात 'अपोलो' हे भव्य नृत्यगृह उघडले. 1814-15 च्या व्हिएन्ना परिषदेसाठी जमलेल्या मुत्सद्द्यांमुळे नृत्याची कीर्ती युरोपभर गेली. पुढे योसेफ लानर आणि थोरले योहान श्ट्राउस यांनी त्याला वाद्यवृंदाचे वैभव दिले. धाकट्या योहान श्ट्राउसची 'निळी डॅन्यूब' ही प्रसिद्ध रचना 1867 मध्ये प्रथम सादर झाली.

परंतु हे नृत्य सहजासहजी स्वीकारले गेले नाही. राजदरबारी मिन्युएटही तीनच मात्रांचे होते. त्याला कोणी अश्लील म्हटले नाही. त्यात स्त्री-पुरुष अंतर राखून, हाताला हात लावत, पाहणाऱ्यांसमोर आपली पायरी सांभाळत नाचत. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात स्त्रीच्या कमरेभोवती आला, दोघे एकमेकांकडे तोंड करून फिरू लागले आणि बाकीच्या सभेचे महत्त्व उणावले. 1816 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने या नृत्याचा कडक शब्दांत निषेध केला. ताल तोच असताना आक्षेप बदलला, तो या मिठीमुळे. नृत्यगृहात प्रवेशाचे पैसे देणारा कोणीही येऊ शकत असे, हे कारणही माझ्या मते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

शेवटी एक बारकावा. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित आधी घेतात, त्यामुळे तिसरीपूर्वी क्षणभर श्वास घेतल्याचा भास होतो. स्वरलेखनात तिन्ही मात्रा समानच लिहिलेल्या असतात. ही ओढ कागदावर उतरत नाही. मराठीतील ऱ्हस्व-दीर्घ लेखन आणि प्रत्यक्ष उच्चार यांतील अंतर ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना हे नवल वाटणार नाही. अशी रचना मिळवून ऐकावी आणि दुसऱ्या मात्रेवर बोट ठेवून पाहावे. आपले बोट बहुधा थोडे उशिरा पडेल.