पदवीपर्यंतची सोबत

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडी असलेल्या ‘क्युनी’ने, २००७ साली आपल्या सहा कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. तिचं पूर्ण नाव ‘अ‍ॅक्सिलरेटेड स्टडी इन असोसिएट प्रोग्राम्स’. विद्यार्थी तिला ‘एसॅप’ म्हणतात. या योजनेत नवा शोध असा एकही नाही. फीमधली तूट भरून द्यायची, पुस्तकांचा खर्च उचलायचा, बस-मेट्रोचा महिन्याचा पास द्यायचा आणि विद्यार्थ्याला नावानिशी ओळखणारा एक सल्लागार नेमायचा. या साध्या गोष्टी एकत्र आणि सलग तीन वर्षं मिळाल्या, तेव्हा पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. अमेरिकेच्या उच्च शिक्षणात इतका मोठा फरक काटेकोर चाचणीत सिद्ध झालेले प्रयोग फार थोडे आहेत.

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेतल्या सामान्य माणसाची उच्च शिक्षणाची पायरी. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी यातलं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी ‘असोसिएट’ पदवी, मग नोकरी किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात पुढचं शिक्षण. फी कमी, कॉलेज घराजवळ, प्रवेशाला गुणांची अडवणूक नाही. म्हणून इथे येतात ती कष्टकऱ्यांची मुलं, स्थलांतरितांची मुलं, नोकरी सांभाळून शिकणारी माणसं, लेकरं असलेल्या आया.

न्यूयॉर्कमध्ये हे दार सहजासहजी उघडलेलं नाही. १९६९च्या वसंतात क्युनीच्याच सिटी कॉलेजमधल्या कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या आवारात ठाण मांडलं. शहरात आपली वस्ती एवढी मोठी, मग वर्गात आपण एवढे थोडे का, हा त्यांचा सवाल होता. १९७० साली क्युनीने शहरातल्या प्रत्येक हायस्कूल उत्तीर्ण मुलाला प्रवेश देऊ केला. साउथ ब्रॉन्क्समधलं होस्टोस कॉलेज त्याच काळात पोर्टो रिकन समाजाच्या मागणीतून उभं राहिलं. पुढे १९७६ साली शहराची तिजोरी आटली. १८४७ पासून मोफत असलेल्या शिक्षणाला फी लागली, आणि होस्टोस दुसऱ्या कॉलेजात विलीन करण्याचा घाट घातला गेला. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतले लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ते वाचलं.

दार उघडं राहिलं, तरी आत आलेली बहुतेक मुलं पदवी न घेताच बाहेर पडत होती. ही गळती एका झटक्यात होत नाही. कुणाची कामाची पाळी बदलते आणि एक वर्ग चुकतो. कुणाकडे पुस्तकाला पैसे नसतात, म्हणून पहिली परीक्षा हुकते. कुणी चुकीचे विषय निवडतो आणि ते पुढच्या विद्यापीठात धरलेच जात नाहीत. सांगायला कुणी नसतं, कारण एका सल्लागाराकडे सहाशेपासून दीड हजारापर्यंत विद्यार्थी असत. त्यात गणित आणि इंग्रजीच्या पूर्वतयारीच्या वर्गांची भर. प्रवेशानंतरच्या चाचणीत कमी पडणाऱ्याला हे वर्ग करावे लागत. त्यात वेळ जाई, आर्थिक मदतीचा वाटा खर्ची पडे. पण पदवीसाठी त्याचे श्रेयांक शून्य. अनेकजण खऱ्या अभ्यासक्रमापर्यंत पोचण्याआधीच थकून जात.

एसॅपने या प्रत्येक अडचणीला स्वतंत्रपणे हात घातला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं, पूर्वतयारीचे विषय सुरुवातीलाच संपवायचे आणि तीन वर्षांच्या आत पदवीचं लक्ष्य ठेवायचं, ही त्याच्याकडून अपेक्षा. बदल्यात सरकारी मदत वजा जाता उरलेली फी माफ. वर्गांच्या वेळा शक्यतो सलग, म्हणजे उरलेल्या दिवसात नोकरी करता यावी. शिकवणीची सोय वेगळी, नोकरीविषयी मार्गदर्शन करणारा माणूस वेगळा. आणि सल्लागाराकडे विद्यार्थी साठ ते ऐंशी.

हा शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. साठ-सत्तर मुलांची नावं, त्यांची घरं, त्यांच्या अडचणी एका माणसाला लक्षात ठेवता येतात. हजार मुलांच्या नाही. महिन्याचा प्रवासपास सल्लागाराच्या भेटीगाठींशी जोडलेला होता. पाससाठी आलेल्या मुलाला सल्लागार समोर बसवून विचारू शकत होता, की गणिताचं कसं चाललंय, पुढच्या सत्राची नोंदणी झाली का. अडचण सांगायला स्वतःहून कधीच न आलेली मुलंही या निमित्ताने समोर येत.

या सगळ्याचा खरंच उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी ‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने २०१० पासून चाचणी घेतली. बरो ऑफ मॅनहॅटन, किंग्जबरो आणि लाग्वार्डिया या तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी निवडले. सगळे कमी उत्पन्नाच्या घरांतले, सगळ्यांना पूर्वतयारीच्या वर्गाची गरज. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला एसॅप, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. तीन वर्षांनी पहिल्या गटातल्या ४० टक्के विद्यार्थ्यांनी पदवी घेतली होती, दुसऱ्यातल्या २२ टक्के. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही ५१ आणि ४१ असा फरक टिकून होता. पुढे ओहायोतल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी हीच रीत उचलली. न्यूयॉर्कसारखी मेट्रो तिथे नाही, म्हणून पासाऐवजी पेट्रोल किंवा किराण्यासाठी कार्ड दिलं. तीन वर्षांत पदवी घेणारे तिथे ३५ टक्के निघाले. योजनेबाहेरचे १९ टक्के.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कमध्ये एका विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे १६,३०० डॉलर जास्त लागले, म्हणजे नेहमीपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक. पण पदव्या इतक्या वाढल्या, की एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणावरही पैसा खर्च झालेलाच असतो. त्यातून विद्यार्थ्याच्या हाती मात्र काही लागत नाही.

पूर्वतयारीच्या वर्गांचा प्रश्नही क्युनीने वेगळ्या प्रयोगातून तपासला. बीजगणिताच्या पूर्वतयारीला पाठवले जाणारे काही विद्यार्थी थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्राच्या वर्गात बसवले आणि जोडीला आठवड्याला जादा तास दिला. पूर्वतयारीच्या वर्गात ३९ टक्के पास झाले, संख्याशास्त्रात ५६ टक्के. कच्ची ठरवलेली मुलं अवघड वर्गात जास्त टिकली, कारण तो वर्ग त्यांना पदवीकडे नेत होता आणि आधार हाताशी होता.

एसॅपला मर्यादा आहे. पूर्णवेळ शिकण्याची अट एखाद्या आईला किंवा दोन नोकऱ्या करणाऱ्याला झेपत नाही, आणि कम्युनिटी कॉलेजात असे विद्यार्थी पुष्कळ. त्यांच्यासाठी या योजनेचा वेगळा घाट घडवणं बाकी आहे, आणि समतेचं पुढचं काम तिथेच आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते याच जाणिवेने, की बहुजनांच्या मुलाला शाळेत नाव घालून भागत नाही, त्याच्या राहण्या-जेवणाची तजवीज लागते. ‘कमवा आणि शिका’ त्यातूनच आलं. ग्रामीण मुलींना मिळणारा एसटीचा मोफत पासही त्याच वाटेवरचा. आपल्याकडे या सोयी वेगवेगळ्या योजनांत आणि वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेल्या आहेत. पास एकीकडे, शिष्यवृत्ती दुसरीकडे, आणि प्रथम वर्षाला आलेली मुलगी द्वितीय वर्षाला का दिसत नाही हे विचारणं कुणाच्याच कामात नाही. न्यूयॉर्कचा धडा हाच, की सोयी एकत्र आल्या आणि त्यामागे एक जबाबदार माणूस उभा राहिला, की फळ येतं. प्रवेशाचे आकडे प्रत्येक कॉलेज अभिमानाने सांगतं. जितके आत आले, त्यातले किती पदवी घेऊन गेले, आणि मागासवर्गीय, ग्रामीण, गरीब घरांतल्या मुलांत हे प्रमाण किती, हा आकडाही दरवर्षी जाहीर करणं प्रत्येक कॉलेजवर बंधनकारक असायला हवं. आणि दोन आठवडे वर्गात न दिसलेल्या मुलाला फोन कुणी करायचा, त्या माणसाचं नाव कॉलेजात ठरलेलं असायला हवं.