क्लास की सुपारी? मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांची गोष्ट

कर्जत-खोपोली लाइनवर पळसदरी, केळवली आली की नेटवर्कचं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणून नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. ऐकताना जिथे अडकेल तिथून वाचायला घ्या.

आजचा विषय एका मेसेजवरून आला. खालापूर तालुक्यातला एक श्रोता व्हायोलिन शिकतो. मध्यमा झाली, विशारदची तयारी सुरू आहे. सोबत हळदीच्या, लग्नाच्या सुपाऱ्याही घेतो. त्याचा प्रश्न असा: "क्लासमध्ये म्हणतात, तिकडे वाजवून हात बिघडेल. बेंजोवाले म्हणतात, क्लासवाल्याला पब्लिक कळत नाही. मी नक्की कुठला?"

हा प्रश्न मलाही जवळचा आहे. मी हार्मोनियम शिकतो आणि लग्नसराईत बेंजोत कीबोर्ड वाजवतो. दोन्हीकडे थोडा परका असतो. तर आज एका अशा माणसाची गोष्ट, ज्याचं नाव अख्ख्या देशाला पाठ आहे, पण तो होता कोण हे फार थोड्यांना माहीत आहे.

अंड्यातून आलेलं नाव

'अमर अकबर अँथनी', साल १९७७. मोठ्या अंड्यातून कोट-हॅट घातलेला अमिताभ बाहेर येतो आणि आपलं नाव सांगतो. अँथनी गोन्साल्विस. आपण सगळे त्यावर नाचलोय. मी तर ते कितीतरी हळदींत वाजवलंय.

हे आडनाव त्या पात्राला दिलं संगीतकार प्यारेलाल यांनी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. कारण अँथनी गोन्साल्विस हे त्यांचे गुरू. खरेखुरे, हाडामांसाचे, व्हायोलिन शिकवणारे गुरू. ज्या गाण्यावर लोक पोट धरून हसले, त्यातलं नाव म्हणजे एका शिष्याने केलेला नमस्कार होता.

चर्चमधून स्टुडिओत

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, दक्षिण गोव्यातल्या मजोर्ड्याचा. वडील चर्चमध्ये गायनवृंदाचे मास्तर. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावातलं पोरगं पाच रेघांवरचे काळे ठिपके बघून थेट सूर काढायचं, जसं आपण मराठी वाचतो तसं.

याच कौशल्याने गोव्यातल्या अनेकांना मुंबईत पोट भरायला दिलं. हॉटेलांतले डान्स बँड, मूकपटांची थिएटरं आणि मग बोलपट. गोन्साल्विस १९४३ मध्ये, म्हणजे सोळाच्या आसपास वय असताना, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला लागले. पुढे ते अ‍ॅरेंजर झाले. सचिनदेव बर्मन, मदनमोहन अशा संगीतकारांबरोबर त्यांनी काम केलं.

अ‍ॅरेंजर म्हणजे कोण?

संगीतकार चाल बांधतो. समजा त्याने ती हार्मोनियमवर गाऊन दाखवली. आता स्टुडिओत पन्नास वादक बसलेत. कुणी काय वाजवायचं? कडव्यांमधला म्युझिक पीस कोणता? गायिका लांब सूर धरते तेव्हा खाली कोण काय करतंय? हे ठरवून प्रत्येकाचा कागद लिहून द्यायचा, हे अ‍ॅरेंजरचं काम.

त्या काळी आजच्यासारखे ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड होत नसत. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी वाजवणार. एकाचा सूर घसरला की टेक पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कागद बघून पहिल्या फटक्यात बरोबर वाजवणारा माणूस सोन्याच्या मोलाचा. असे गोव्याचे आणि पारशी वादक फिल्मी वाद्यवृंदांत मोठ्या संख्येने होते. पडद्यावर नाव मात्र बहुतेक वेळा फक्त संगीतकाराचं.

आता एक प्रयोग करा. पन्नासच्या दशकातलं कुठलंही संथ गाणं लावा. आधी फोनच्या स्पीकरवर, मग इअरफोनवर. इअरफोनवर खालून एक जाड, मखमली सूर सरकताना ऐकू येईल. तो बऱ्याचदा चेलो असतो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवतात. त्याची सगळ्यात खालची तार साधारण ६५ हर्ट्झला बोलते, आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरला इतका खोल सूर नीट काढता येत नाही. म्हणजे कित्येक गाण्यांचा तळच आपण ऐकलेला नसतो.

दोन भाषा, एक माणूस

गोन्साल्विस यांच्या हातात पाश्चात्त्य संगीत होतं. पण स्टुडिओत त्यांच्या शेजारी सारंगी, सतार, तबला वाजवणारे पंडित आणि उस्ताद बसत. चहाच्या वेळेला समोरचा माणूस राग छेडतोय आणि आपल्याला त्यातलं कळत नाही, असं किती दिवस चालवून घेणार? ते हिंदुस्थानी संगीत शिकले. नुसती तोंडओळख करून थांबले नाहीत, रागात ऑर्केस्ट्रासाठी रचना करायच्या या हेतूने शिकले. सारंग रागातली त्यांची व्हायोलिन कन्चेर्टो अशीच. एक व्हायोलिन पुढे आणि बाकी वाद्यवृंद मागे, अशा रचनेला कन्चेर्टो म्हणतात.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण यात खरी अडचण आहे. आपल्या संगीतात एका वेळी एकच सुरावट चालते. ऑर्केस्ट्रात एका वेळी अनेक सूर उभे राहतात. सारंगात गंधार-धैवत घ्यायचे नाहीत. पण कॉर्ड बांधायला गेलं की नेमके वर्ज्य सूर आत येऊ बघतात. दुसरं म्हणजे मींड. 'म' वरून 'रे' वर येताना मधला जो रस्ता आहे, तोच रागाचा जीव. कागदावर 'म' लिहिता येतो, 'रे' लिहिता येतो, मधला रस्ता लिहिताना हात थांबतो. आणि शंभर जणांनी तो एकसारखा कापायचा तर?

१९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी हे करून दाखवायचं ठरवलं. ११० वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. कार्यक्रम मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात. एकल गायनाला लता मंगेशकर आणि मन्ना डे. डोळ्यांसमोर आणा: दिवसा फिल्मी गाण्यांचे पीस वाजवणारे हात संध्याकाळी तेच गज घेऊन रागावरची सिम्फनी वाजवतायत.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा प्रयोग ज्या कौशल्यावर उभा राहिला, ते वाढलं फिल्म स्टुडिओत. रागदारीवाले आणि नोटेशनवाले रोज एका खोलीत, एका कामासाठी बसत होते, अशी जागा तेव्हा स्टुडिओइतकी मोठी दुसरी कुठली होती? बाजारू म्हणून जिला नाक मुरडलं जायचं, तीच जागा प्रयोगशाळा ठरली.

किंमतही मोजावी लागली

पण गोष्ट गोड करून सांगणार नाही. ११० माणसांची तालीम घ्यायची तर जागा हवी, पैसा हवा, वेळ हवा. स्टुडिओत वादकाला कामाचे पैसे मिळतात. रागातल्या सिम्फनीला तिकीट काढून सतत येणारं पब्लिक कुठून आणणार? तो प्रयोग कायमची संस्था झाला नाही. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहायला २००६ साल उजाडलं.

१९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात. परतल्यावर सिनेमात पुन्हा रमले नाहीत. मजोर्ड्यात शांतपणे राहिले आणि १८ जानेवारी २०१२ ला गेले. देश त्यांच्या नावावर नाचत होता आणि ते गावातल्या घरात होते.

पण शिष्य बघा. प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांतबरोबर 'पारसमणि' (१९६३) पासून शेकडो चित्रपटांना संगीत दिलं आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. राहुलदेव बर्मनही गोन्साल्विस यांच्याकडे शिकले. लक्ष्मी-प्यारेंच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो भलामोठा ताफा ऐकू येतो, त्याचं मूळ शोधत गेलात तर मजोर्ड्याच्या चर्चपर्यंत पोहोचाल.

आणि आपला रायगड?

आपल्याकडे कर्जतजवळ एन. डी. स्टुडिओ आहे. 'जोधा अकबर'चे महाल तिथेच उभे राहिले. त्यामुळे सिनेमा म्हटलं की आपल्याला सेट आठवतो. पण खोपोलीहून पनवेलकडे जाताना पळस्पे फाटा लागतो, जिथून गोव्याचा रस्ता फुटतो. त्या पळस्प्यात रुद्रवीणेचे थोर वादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी ध्रुपदाचं गुरुकुल उभारलं. त्यांच्याकडे शिकलेल्यांत नॅन्सी लेश नावाच्या अमेरिकन चेलोवादक आहेत. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या नॅन्सी जमिनीवर मांडी घालून चेलोवर ध्रुपद वाजवतात.

चेलोवर ते जमतं, कारण त्याला गिटारसारखे पडदे नसतात. बोट तारेवर कुठेही सरकवता येतं, म्हणजे मींड मोकळी. सास्किया राव-द हास या मूळच्या डच चेलोवादकांनी तर वाद्यच बदलून घेतलं: पाच मुख्य तारा, खाली दहा तरफेच्या तारा, आकार मांडी घालून बसण्याजोगा. त्यांच्या गुरूंमध्ये मुंबईचे व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारही होते.

मग प्रश्नाचं उत्तर?

माझं मत सांगतो. हात सुपारीने बिघडत नाही, आळसाने बिघडतो. हळदीत रात्री बारापर्यंत तीच चार गाणी वाजवून सकाळी रियाज बुडवला, तर क्लासवाले बरोबर ठरतात. पण गोन्साल्विस यांनी स्टुडिओतून तीन गोष्टी उचलल्या: पहिल्या फटक्यात अचूक वाजवणं, दुसऱ्याचं वाद्य कान देऊन ऐकणं आणि शेजारी बसलेल्याची भाषा शिकणं. या तिन्ही गोष्टी बेंजोतही शिकता येतात. ढोलकीवाल्या दादाला विचारा, तो सम कशी लपवतो. नोटेशन येत असेल तर पोरांना लिहून द्या. लिहिता येणारा माणूस कुठल्याही पार्टीत उपयोगी पडतो.

आणि हो, शिकवणाऱ्याचं नाव सांगत जा. प्यारेलालनी एका गाण्यात सांगितलं, म्हणून आज आपण एवढं बोललो.

या आठवड्याचं काम: लक्ष्मी-प्यारेंचं एक गाणं इअरफोनवर ऐका, गायकाकडे अजिबात लक्ष न देता. फक्त व्हायोलिन आणि खालचा चेलो. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर पाठवा, दोन मिनिटांच्या आत, प्लीज! भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाजवत राहा.