गाणं देताना कागद बघा

एरवी या पानावर मी आल्याच्या कंदकुजीवर नाहीतर उसातल्या हुमणीवर लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण शिवाराबाहेरचा नाही.

मध्यंतरी रहिमतपूर भागातल्या एका वाडीवर मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. तिथला एक पंचविशीतला पोरगा दीड एकर आलं करतो. स्वतः गाणी रचतो, स्वतः चाल लावतो आणि ढोलकीवाला जोडीदार घेऊन यात्रा-जत्रांत गातो. त्याचं एक गाणं आता मोबाईलवर गाजतंय. किती मिळाले, असं विचारलं. "साहेब, पाच हजार. एकदाच दिले आणि सही घेतली." सही कशावर केली ते त्यानं वाचलं नव्हतं, कागदाची प्रतही जवळ नव्हती. हाच गडी आल्याची गाडी भरली की काट्याची पावती घेतल्याशिवाय जागचा हलत नाही!

मला पठ्ठे बापूराव आठवले. त्यांचं मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ चा, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. शाळेसाठी ते काही काळ आपल्या शेजारच्या औंधला होते. घरचं कुलकर्णीपण सोडून हा ब्राह्मणाचा मुलगा तमाशाच्या फडात उभा राहिला. त्या काळी याचा अर्थ घरादारावर आणि जातीवर पाणी सोडणं. पुढं संगमनेरकडच्या हिवरगावच्या पवळाबाई त्यांच्या फडात आल्या आणि या जोडीनं मुंबई गाजवली. लावण्या, गौळणी, मिठाराणीचा वग, सगळं बापूरावांच्या लेखणीचं. रचणारा तोच, गाणारा तोच आणि फडाचा मालकही तोच. वर कुणी धनी नव्हता.

पण फड म्हणजे रोजचा खर्च. माणसांची पोटं, साज, प्रवास. पाऊसकाळात खेळ बंद, म्हणजे मिळकत बंद. पवळाबाई वेगळ्या झाल्या आणि फडाची रया गेली. १९४५ साली पुण्यात बापूराव गेले ते हलाखीत. त्यांच्या लावण्या मात्र दुसऱ्यांच्या फडांतून गाजतच होत्या. शेवटच्या चरणात स्वतःचं नाव गुंफायचं, ही शाहिरांची जुनी रीत. त्या नावानं लावणी कुणाची ते कळायचं, पण पैसा घरी येत नव्हता.

आज तसं नाही, हे आमच्या पोरांना कुणी सांगतच नाही. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानं गाणं कागदावर उतरलं की शब्दांचा हक्क रचणाऱ्याचा होतो. चालीचा हक्क वेगळा, तो चाल लावणाऱ्याचा. नोंदणीची सक्ती नाही, केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांपुरताच धरतात. म्हणून 'कायमचा' हा शब्द कुठं घुसवलाय का, ते आधी बघा.

महत्त्वाचं पुढंच आहे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. गाणं ध्वनिमुद्रणासाठी दिलं, हक्क लिहून दिला, तरी त्याच्या वापरावर मिळणाऱ्या मानधनातला कवीचा आणि संगीतकाराचा निम्मा वाटा सोडून देता येत नाही. निम्म्यानं लावलेल्या रानासारखं समजा, फक्त इथं वाटा कायद्यानं बांधलेला आहे. तो वसूल करायला इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटी ही १९६९ पासूनची संस्था आहे, तिचं सभासद होता येतं. घरबसल्या लगेच पैसे येतील असं मी म्हणत नाही. आमच्या अनुदानाचे अर्ज तुम्ही भरलेत, तेव्हा कागदपत्रांची दमछाक तुम्हाला ठाऊक आहे.

हा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. बापूरावांच्या लावण्यांवरचा २००५ अखेर संपला, त्या आता कुणीही गाव्या. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांची मुदत २०२९ अखेरपर्यंत आहे. दुसऱ्याचं गाताना हेही ध्यानात असू द्या. आमचा पोरगा यात्रेत दुसऱ्यांचीही चार गाणी गातो आणि रचणाऱ्याचं नाव घेत नाही. ते मी त्याला तोंडावर बोललो, त्याला राग आला.

माती परीक्षणाचा अहवाल द्यायला परत गेलो तेव्हा राग गेला होता. कराराची प्रत त्यानं पत्र टाकून मागितली होती, पोचपावती दाखवली. उत्तर अजून नव्हतं. गाण्यांची वही आणून पुढं ठेवली. प्रत्येक गाण्याखाली तारीख, सही आणि चाल कुणाची ते लिहिलेलं. दोन चालींखाली ढोलकीवाल्याचं नाव होतं.

"ह्या त्याच्या हायेत साहेब," म्हणाला, आणि अहवाल उघडून पालाशाचं विचारायला लागला.