बेशरम आणि मर्यादवेल

माझे बालपण विदर्भातील एका लहानशा गावी गेले, आणि त्या गावच्या तळ्याच्या काठी, पावसाळा सरता सरता, जांभळट गुलाबी रंगाच्या फुलांचे जे दाट रान माजत असे, त्याला आम्ही सारे ‘बेशरम’ म्हणत असू. पुढे कितीतरी वर्षांनी वेंगुर्ल्याजवळच्या एका किनाऱ्यावर सकाळच्या वेळी फिरत असता, कोरड्या वाळूवर लांबच लांब पसरलेल्या एका वेलीवर नेमके तेच फूल, तोच रंग, तोच कर्ण्यासारखा आकार पाहून माझ्या तोंडून नकळत ‘अरे, हे तर बेशरम!’ असे उद्गार निघाले. जवळच जाळे निवडीत बसलेल्या एका वृद्ध बाईने हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, “तिका मर्यादवेल म्हणतत, झिला. दर्यो तिच्या फुडे येणा नाय.”

त्या एका वाक्याने माझ्या मनात जी जिज्ञासा जागी केली ती आजतागायत शमलेली नाही. बेशरम आणि मर्यादवेल या वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी सख्ख्या बहिणी आहेत; दोघींचेही कुल हरिणपदीचे, दोघींचीही प्रजाती आयपोमिया. फुले शेजारी शेजारी ठेवली, तर अनभ्यस्त माणसाला त्यांतला भेद सांगता येणार नाही. असे असूनही एकीला फारसीतून आलेल्या शब्दाने निर्लज्ज ठरविले गेले, आणि दुसरीला संस्कृतातील अत्यंत भारदस्त शब्दाने गौरविले गेले, याचे कारण फुलात शोधून सापडत नाही. ते त्या झाडांच्या वागणुकीत, किंबहुना त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांच्या अनुभवात सापडते.

बेशरम मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. कुंपणासाठी आणि शोभेसाठी ती इकडे आणली गेली, आणि मग तिने कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. तिचे पोकळ खोड तोडून फेकले, तर जेथे पडेल तेथे त्याच्या पेऱ्यांना मुळ्या फुटतात. तळ्यात फेकले तर पाण्यात, बांधावर फेकले तर बांधावर. पूर आला तर ती वाकते आणि पूर ओसरला की पुन्हा उभी राहते. जनावर तिला तोंड लावीत नाही, आणि दुष्काळात अन्य चारा नसल्यामुळे एखाद्या शेळीने ती खाण्यास आरंभ केलाच, तर तिच्यातील स्वेनसोनिन नावाच्या विषाने त्या शेळीची मान डुलू लागते, पाय लटपटतात, आणि पुष्कळदा ती दगावते. तोडून मरत नाही, बुडवून मरत नाही, गुरे खात नाहीत. शेतकऱ्याने तिला दुसरे कोणते नाव द्यावे? हे नाव इतके मुरले आहे, की रस्त्यांतील खड्डे वर्षानुवर्षे बुजविले जात नाहीत अशा गावांतून संतप्त लोक त्या खड्ड्यांत बेशरमाची झाडे लावतात, आणि दाद न देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती बेशरमाची फुले ठेवतात. अर्जात चार पाने लिहून जे साधत नाही, ते एका फुलाच्या नावाने बोलून जाते.

मर्यादवेलीचे चरित्र याच्या अगदी उलट आहे असे मात्र नाही, आणि हीच मोठी हृद्य गोष्ट आहे. तीही पेऱ्यापेऱ्याला मुळ्या टाकीत पसरते. तीही खाऱ्या वाऱ्याला, तापलेल्या वाळूला आणि लाटांच्या तुषारांना जुमानीत नाही. तिचे बी समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागते आणि तेथे रुजते, आणि म्हणून जगातील बहुतेक साऱ्या उष्ण प्रदेशांच्या किनाऱ्यांवर ती आढळते. आपट्याच्या पानासारखे तिचे दुभंगलेले पान पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसला बकरीच्या खुराची आठवण झाली, आणि तिच्या शास्त्रीय नावात आजही तो खूर आहे. परंतु कोकणच्या माणसाने ना पान पाहिले, ना फूल. ती वेल कोठे उभी आहे हे त्याने पाहिले. भरतीच्या पाण्याची रेषा जेथे संपते, त्याच्या किंचित वर तिची हद्द सुरू होते. वाळूत खोलवर मुळ्या रोवून ती वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवते, तिच्या आधाराने वाळूचे बांध उभे राहतात, आणि त्या बांधांच्या आडोशाला माड व घरे उभी राहतात. जी चिवट वृत्ती तळ्याच्या काठी बेशरमपणा ठरली, तीच समुद्राच्या काठी मर्यादा ठरली. वृद्धेचे ते वाक्य अक्षरशः घेतले तर खरे नाही, कारण उधाणाचा समुद्र वेलीला विचारून येत नाही. पण ती वेल जेथून उपटली जाते, तेथील वाळू पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसांनी पाहिलेले आहे.

या फुलांचा आकार हा असा का, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्या फुलांच्या पाकळ्या सुट्या न राहता एकमेकींना जुळून त्यांची नळी बनते, त्यांच्यात मध नळीच्या तळाशी असतो आणि वरचे तोंड रुंद पसरलेले असते. ते पसरलेले तोंड म्हणजे येणाऱ्याला दाखविलेली वाट, आणि ती अरुंद नळी म्हणजे कोणाला आत घ्यावयाचे याविषयीचा कडक शिरस्ता. नळीची लांबी, रंग, गंध आणि उमलण्याची वेळ यांवरून पाहुणा कोण हे पुष्कळ अंशी ओळखता येते: पांढरे, सुगंधी आणि संध्याकाळी उमलणारे असेल तर लांब सोंडेचा निशाचर पतंग, लाल आणि दिवसा उमलणारे असेल तर बहुधा पक्षी. म्हणूनच परस्परांशी फारसे नाते नसलेल्या कुलांतही हाच आकार पुनःपुन्हा घडला.

इंग्रजी बोलणाऱ्यांनी हा आकार पाहिला आणि त्यांना तुतारी आठवली. त्यांच्या भाषेत तुतारीवेल, तुतारीवृक्ष, तुतारीफूल अशा नावांची रांगच्या रांग आहे. आपल्याकडेही वर्णन करताना ‘कर्ण्यासारखे’, ‘तुतारीसारखे’, आणि घरातल्या बाईच्या तोंडी अधिक सहजपणे ‘नरसाळ्यासारखे’ असे म्हटले जाते. तथापि बारसे करण्याची वेळ आली, तेव्हा मराठी माणसाने हा आकार बहुधा बाजूला ठेवला आणि त्या झाडाशी आपला व्यवहार काय, हे नावात नोंदविले. माझ्या मते ही नावे म्हणजे गावोगावच्या अनुभवांचे अलिखित दफ्तर आहे, आणि ते जपले पाहिजे.

बुचाचे झाड घ्या. ब्रह्मदेशाच्या बाजूने आलेला हा उंच, सरळ वृक्ष पुण्यात रस्त्यांच्या कडेला आणि जुन्या बंगल्यांच्या आवारांत दिसतो. शरद ऋतूत त्याखाली लांब नळीच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. शास्त्रीय नावाने त्याला मिलिंग्टन नावाच्या सतराव्या शतकातील इंग्रज वैद्याचे स्मारक बनविले, आणि मराठीने त्याच्या सालीचा उपयोग ध्यानी घेतला: ती मऊ, भेगाळ साल हलक्या प्रतीच्या बुचासाठी वापरता येते, म्हणून बुच. ज्यांनी लहानपणी ही फुले वेचली आहेत, त्यांना त्या लांब देठासारख्या नळ्यांची सुईदोऱ्यावाचून घातलेली वेणी आठवेल. एक नळी दुसरीवरून, तिसरी तिच्याखालून, आणि शेवटी हाताला लागलेला तो मंद वास.

बुच ज्या कुलातला, ते टेटूचे कुल. टेटूची फुले मांसल असतात, रात्री उमलतात, त्यांना उग्र दर्प असतो, आणि त्यांचा पाहुणा पतंग नसून वटवाघूळ असते. पहाट होण्यापूर्वी ती फुले गळूनही पडतात. मागे राहतात त्या हातभर लांब, तलवारीसारख्या लोंबत्या शेंगा. टेटू आणि त्याच कुलातील पाडळ, म्हणजे संस्कृत कवींची पाटला, ही दोन्ही झाडे आयुर्वेदाच्या दशमुळांत आहेत. घरी बाळंतिणीसाठी दशमुळांचा काढा उकळत असताना आपण कर्ण्यासारख्या फुलांच्या दोन वृक्षांची मुळे उकळीत आहोत, हे कोणाच्या मनातही येत नाही. मेडशिंगीही याच कुलातली, आणि तिची वाकडी शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी म्हणून तिचे ते नाव.

याच कुलातील दोन परदेशी झाडांना आपण किती आपलेसे केले पहा. आफ्रिकेतून आलेल्या एका वृक्षाच्या केशरी लाल फुलांच्या कळ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि टोक मोडून दाबल्यास धार उडते. मुलांनी ते शोधून काढले आणि झाडाचे नाव ‘पिचकारी’ पडले. ब्राझीलहून आलेली एक वेल जानेवारीत केशरी नळ्यांनी ओथंबते. तिला आपण संक्रांतवेल म्हणतो. वेगळ्या कुलातल्या गुलबासाचे नाव तर फारसी ‘गुल-ए-अब्बास’वरून आलेले, झाड अमेरिकेतले, नाव इराणी, आणि वस्ती आमच्या परसदारी, मोरीच्या पाण्यावर. त्याचा जो रंगीत कर्णा आपल्याला पाकळ्यांचा वाटतो, तो वस्तुतः निदलपुंज आहे, खऱ्या पाकळ्या त्यात नाहीतच. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी याच झाडाच्या चट्टेरी पानांचा अभ्यास करून १९०९ साली दाखवून दिले, की काही गुण केवळ मातेच्या बाजूने उतरतात.

आता तंबाखू. निपाणीच्या मुलखातील शेतांत, भरदार पानांच्या ओळींवर गुलाबी कर्ण्यांचे झुबके येऊ लागतात न लागतात तोच शेतकरी झाडाचा शेंडा खुडून टाकतो, कारण फुलाकडे जाणारा कस पानात उतरावा अशी तजवीज करावयाची असते. हे झाड पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरले, दख्खनेत पसरले, आणि अकबराच्या दरबारी त्याची पहिली भेट गेली ती विजापुराहून. त्याचे फूल इतके देखणे असूनही ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे, याची मला नेहमी हळहळ वाटते.

तंबाखूचा भाऊबंद धोत्रा. या झाडाशी आपला संबंध सर्वांत जुना आणि सर्वांत गुंतागुंतीचा आहे. महादेवाला ते वाहतात, गणपतीच्या एकवीस पत्रींत त्याचे पान असते. आणि संस्कृतात त्याची नावे पहाल तर उन्मत्त, धूर्त, कितव. धोतऱ्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, आणि वाटसरूंच्या अन्नात त्या मिसळून त्यांना लुटण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात इतका बोकाळला होता, की फौजदारी कामकाजात व पंचनाम्यांत धोत्रा वारंवार येत असे. घशाला कोरड पडते, बुबुळे विस्फारतात, मनुष्य हवेतल्या नसलेल्या वस्तू वेचू लागतो. त्यातील ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन यांचा हा प्रभाव. आणि तेच ॲट्रोपिन डोळ्यांचे वैद्य बुबुळ मोठे करण्यासाठी थेंबाथेंबाने वापरीत आले आहेत. जपानमधील शल्यवैद्य हानाओका सेइशू यांनी धोत्रा घातलेले औषध पाजून १३ ऑक्टोबर १८०४ रोजी एका स्त्रीच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली, आणि तिला वेदना जाणवल्या नाहीत. बोस्टनमध्ये भूल देणाऱ्या ईथरचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक झाले ते याच्या बेचाळीस वर्षांनंतर. इंग्रजीत धोतऱ्याला सैतानाची तुतारी म्हणतात, आणि त्याच्याच दक्षिण अमेरिकन नातलगाला, ज्याची फुले खाली लोंबतात, देवदूताची तुतारी; वास्तविक विषारीपणात दोघांत डावेउजवे काही नाही. लिनिअसने मात्र १७५३ साली धोतऱ्याच्या प्रजातीला ‘दातुरा’ म्हटले, म्हणजे आपल्याच ‘धत्तूर’ शब्दाला शास्त्रात कायमची जागा दिली.

धोत्रा उमलताना एकदा तरी पाहावा. गेल्या श्रावणात आमच्या घरामागील पडीक जागेत एका झाडावर कळी टपोरी झालेली मी सकाळी हेरून ठेवली, आणि दिवस मावळताना तेथे जाऊन बसलो. कळी मिटलेल्या छत्रीसारखी, पीळ घातलेली, वीतभर लांब. बराच वेळ काहीच घडले नाही. मग पीळ किंचित सैल झाला, टोकाशी एक फट पडली, आणि घड्या एकेक करून सुटत गेल्या, त्या इतक्या हळू, की हालचाल दिसत नव्हती, केवळ मघाचे आणि आताचे यांतला फरक कळत होता. अंधार दाटला तेव्हा पाच टोकांचा पांढरा कर्णा वर तोंड करून पुरता उघडा होता आणि गंध सुटला होता. थोड्या वेळाने बोटाएवढा एक पतंग आला; तो फुलावर बसला नाही, हवेतच थरथरत राहिला, आणि गुंडाळलेली सोंड उलगडून त्याने ती त्या नळीत उतरविली.