ड्रॅगन बोलला, पण समजलं कुणाला? ऑनलाइन गेमच्या चॅटमधल्या काल्पनिक भाषांचा घोळ

चार मित्र ऑनलाइन 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतायत. गुहेतला ड्रॅगन पहारेकऱ्यांना ड्रॅकॉनिक भाषेत सांगतो, "हे पुलावर आले की दोर कापा." चौघांपैकी एकाच्याच पात्राला ही भाषा येते. पण गेम चालवणाऱ्या डंजन मास्टरने वाक्य चॅटवर टाकलं आणि चौघांनीही वाचलं. झालं, सापळा तिथंच फुकट गेला. ज्याने मुद्दाम ड्रॅकॉनिक निवडली होती, त्याच्या निवडीलाही काही अर्थ उरला नाही.

मुळात या भाषा येतात कुठून?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम 1974 मध्ये अमेरिकेत आला. पात्र तयार करताना खेळाडू त्याच्या भाषाही ठरवतो. 'कॉमन' बहुतेकांना येते. शिवाय एल्व्हिश, ड्वार्विश, ड्रॅकॉनिक अशा भाषा असतात. चोरांची 'थीव्ह्ज कँट' ही सांकेतिक बोलीही आहे, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या नंदभाषेसारखी. 2014 च्या नियमांनुसार तिच्यात निरोप द्यायला साध्या बोलण्यापेक्षा चौपट वेळ लागतो.

खेळताना मात्र कुणीच खरोखर ड्रॅकॉनिक बोलत नाही. सगळे इंग्रजीत किंवा आपापल्या भाषेत बोलतात. म्हणजे प्रश्न व्याकरणाचा नाही, कुणाला काय दिसावं याचा आहे.

मग उपाय काय?

पहिला, विश्वासाचा. वाक्याआधी कंसात भाषेचं नाव लिहायचं. ज्यांच्या पात्रांना ती येत नाही, त्यांनी न समजल्यासारखं खेळायचं. सोपं आहे, पण वाचलेलं विसरता येत नाही.

दुसरा, खासगी मेसेज. 'रोल20'सारख्या प्लॅटफॉर्मवर एकाच खेळाडूला 'व्हिस्पर' पाठवता येतो. अडचण अशी की बाकीच्यांना कुणी काही बोललं हेच कळत नाही. म्हणून सगळ्यांसाठी "ड्रॅगन घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटतो" एवढं लिहायचं आणि अर्थ एकालाच पाठवायचा.

तिसरा, सॉफ्टवेअर. 'फाउंड्री व्हीटीटी'साठी 'पॉलीग्लॉट' नावाचं मोड्यूल आहे. भाषा येणाऱ्याला वाक्य वाचता येतं, इतरांना अगम्य अक्षरं दिसतात. पण स्वतः जुगाड करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: नुसता फॉन्ट बदलला, तर मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की मूळ वाक्य उघडं पडतं.

यात सगळ्यात जास्त मजा दुसऱ्या उपायात येते. कारण अर्थ समजलेला खेळाडू तो इतरांना स्वतःच्या शब्दांत सांगतो. तो एखादी गोष्ट विसरू शकतो, लपवू शकतो, चक्क खोटंही बोलू शकतो.

फक्त प्रमाण सांभाळावं लागतं. अर्धा तास दोघंच कुजबुजत बसले, तर उरलेले दोघं मोबाईल बघायला लागतात. म्हणून गुपित दोन-तीन वाक्यांचं असावं, आणि त्यावर पुढची चाल अवलंबून असावी.