घटता पट आणि शाळेचा हिशेब

वैजापूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरील जिल्हा परिषद शाळांत पट, म्हणजे हजेरीपटावर नोंदलेली विद्यार्थिसंख्या, घसरला की त्याची चर्चा शिक्षणाच्या अंगाने होते. परंतु शिक्षकांची पदे, अनुदान आणि पोषण आहाराचा निधी हे सारे पटावरच ठरत असल्याने ही घसरण शाळेच्या तिजोरीलाही तितकीच जाणवते.

पट एकेका मुलाने कमी होतो, पैसा मात्र टप्प्याने तुटतो, ही यातली खरी अडचण आहे. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानातून खडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल आणि स्वच्छता भागवावी लागते; त्याचा वार्षिक निकष 30 पर्यंतच्या पटाला 10,000 रुपये आणि 31 ते 100 पटाला 25,000 रुपये असा असल्याने, 31 मुलांपैकी एकाने शाळा सोडली तरी 15,000 रुपये कमी होतात, मात्र छप्पर, वीजमीटर आणि पाण्याची टाकी पूर्वीइतकाच खर्च मागतात. संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार पदे मंजूर करण्याच्या वार्षिक प्रक्रियेतही असेच घडते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या 61 मुलांना तीन शिक्षक मिळतात, 60 मुलांना दोनच. तिसरा अतिरिक्त ठरून त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते, त्यामुळे शासनाचा वेतनखर्च वाचत नाही, पण पाच वर्ग दोघांवर आल्याचे पाहून उरलेले पालकही खासगी शाळेकडे वळू लागतात.

राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे 14,700 शाळा असल्याची आकडेवारी 2023 साली पुढे आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षण विभागाने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तसे करताना इमारतींचा खर्च कमी होईल, पण मुलांच्या वाहतुकीचा नवा खर्च उभा राहील. शिवाय प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा राज्याच्या नियमांनी मान्य केलेला हक्क लहान मुलांच्या बाबतीत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, पैशांत मोजून सोडून देता येणार नाही.

म्हणून अनुदानाचा एक भाग पटाशी न जोडता प्रत्येक चालू शाळेला किमान रक्कम म्हणून मिळायला हवा आणि पद कमी करण्यापूर्वी एका वर्षाच्या घसरणीऐवजी तीन वर्षांची सरासरी पाहायला हवी. शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि ग्रामसभांनी ही मागणी ठराव करून पंचायत समितीकडे नेली पाहिजे.